चिठ्ठीशिवाय माल मिळणार नाही

— नाही हो ताई, एकही पाकीट फोडलेलं नाही, बघा ना तुम्ही, सील जसंच्या तसं आहे. आणि बिल? बिल आहे का म्हणून मला विचारताय? हे घ्या. ही मूळ प्रत, ही झेरॉक्स, आणि झेरॉक्सची शाई उडालीच तर म्हणून फोनमध्ये फोटो. अकरा पाकिटं आहेत. मोजू नका, मी घरून निघताना दोनदा मोजलीत आणि जिन्यात एकदा. तुमच्याकडूनच नेली होती, तेव्हा गल्ल्यावर ते चष्मेवाले काका होते, त्यांच्याशी अर्धा तास घासाघीस केली मी — सोळा घेतली की दोन फुकट. काका म्हणालेसुद्धा, साहेब, एवढी नका नेऊ, डायपरचं सगळ्यांत लहान माप आहे हे. मी हसलो. काय रुबाबात हसलो असेन! म्हटलं, काका, माझा हिशोब पक्का आहे. दिवसाला दहा, नव्वद दिवस, नऊशे नग, पाकिटात पन्नास — अठरा पाकिटं. आता तुम्हीच सांगा, यात काही चुकलं का? काही चुकलं नाही. फक्त मुलगी वाढली. सहाव्या आठवड्यात पाच किलो दोनशे! पाकिटावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पाच किलोपर्यंत म्हणून, मी वाचलंही होतं, पण ते माझ्या पोरीबद्दल लिहिलंय असं काही वाटलं नाही. अहो, माझ्या स्टोअरमधला बोल्ट दहा वर्षांनी काढला तरी तेवढाच असतो!

स्टोअर म्हणजे, पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे मी. अठरा वर्षं झाली. बोल्ट, वायसर, ग्रीस, हातमोजे, तांब्याची तार, सगळं माझ्या ताब्यात. माझ्या खिडकीवर पाटी आहे, ‘चिठ्ठीशिवाय माल मिळणार नाही’. कारखान्यात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही, ‘कुलूप’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं नाही, तोंडावर म्हणतात — काय कुलूप, आज उघडं आहे का? — आणि मला त्याचं वाईट वाटत नाही बरं का, उलट बरं वाटतं. अठरा वर्षांत एक वायसर कमी पडलेला नाही, की एक जास्त झालेला नाही. हातमोजे हवेत? जुने दाखवा, नवे न्या. साहेबांचा मेव्हणा आला होता एकदा, चिठ्ठी न घेता, त्यालाही परत पाठवला. आता असल्या माणसाला मूल होतं तेव्हा तो काय करणार? सांगा ना. तो घरात स्टोअर उघडणार.

हसताय? हसा, हसा. मीच काल रात्रीपासून — बरं, ते जाऊ दे. तर बेडरूममधलं एक कपाट रिकामं केलं. माझं नाही हो, तिचं. बायकोचं. माझ्या कपाटात फायली असतात ना. तर तिचे कपडे बॅगेत भरून पलंगाखाली, आणि कपाटात चार कप्पे — डायपर, कापूस आणि पुसायचे रुमाल, साबण-पावडर, किरकोळ. प्रत्येक कप्प्याला कार्ड. किती आले, किती गेले, किती उरले. वर महिन्याचं अंदाजपत्रक चिकटवलेलं, खालच्या कडेला दहा टक्के आकस्मिक खर्च. आणि कपाटाला — आता तोंडावर सांगायलासुद्धा लाज वाटते — कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडे नव्हती हं, एवढा काही मी हा नाही! किल्ली खिळ्याला टांगलेली. नियम एवढाच, की वस्तू काढली की चिठ्ठी फाडायची. छापून घेतलं होतं पुस्तक, आमचा कारखान्याचा छपाईवाला आहे त्यानं ओळखीखातर करून दिलं, हजार चिठ्ठ्या, नंबर घातलेल्या — तारीख, वस्तू, नग, शेरा, मागणाऱ्याची सही. ती दवाखान्यातून घरी आली, टाके ओले, धड बसता येईना, आणि मी तिच्या हातात बाळ द्यायच्या आधी पुस्तक दिलं.

तिनं काय केलं? हसली. खरंच हसली हो पहिल्यांदा. पहिली चिठ्ठी तिनं अशी लिहिली होती, वस्तू : नवरा, नग : एक, शेरा : जुना खराब झालाय, बदलून मिळावा. आम्ही दोघं इतके हसलो की पोरगी दचकून उठली. पण दुसऱ्या चिठ्ठीपासून मी म्हटलं, आता मस्करी पुरे, नाहीतर नंबर वाया जातात. असं म्हणालो मी. नंबर वाया जातात! आणि मग एक दिवस सकाळी मी कामावर निघालेलो, इस्त्रीचा शर्ट घातलेला, ती म्हणाली, अरे, आणखी एक डायपर काढ, भिजला हा. आणि माझ्या तोंडून सवयीनं, अगदी सवयीनं निघालं, जुना दाखव. बस्स. तिनं दाखवला ना. नाकाला टेकेल इतका जवळून दाखवला. नुसता भिजलेला नव्हता तो. शर्ट बदलून गेलो, अठरा वर्षांत पहिल्यांदा हजेरीला उशीर. आता यावरून तरी माणसानं काही शिकावं की नाही? मी शिकलो. दुसऱ्या दिवसापासून जुना बघितला नाही, कचऱ्याचा डबा उघडून नुसते मोजले.

बरं, हे सगळं का? कंजूष आहे का मी? तुम्हाला वाटत असेल, आहे. नाही हो ताई. भीती वाटली मला. ती दिवस राहिल्याची बातमी घेऊन आली, दारातच उभी होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती, चेहरा असा फुललेला — आणि माझी पाचावर धारण बसली. ती शाळेत शिकवते, बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यापासून तिची बिनपगारी रजा लागणार, म्हणजे एका पगारात तिघं. तिनं सांगितलं आणि मी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? महिने किती आहेत आपल्या हातात? आता कुठल्या बाईला आवडेल हे? पण मला दुसरं काही येतच नाही. कुणाला भीती वाटली की तो देवळात जातो, कुणी दारू पितो, मी मोजायला बसतो.

आणि गंमत ऐका. पंचवीस दिवस झाले नि खप उतरायला लागला! दिवसाला दहाचे सहा, सहाचे चार. रुमाल तर संपेचनात. पुस्तक बघतो तर चिठ्ठ्याच फाटत नाहीत. माझी छाती अशी फुगली! दुपारी डबा खाताना सगळ्यांना सांगत सुटलो, अरे, अंदाजापेक्षा चाळीस टक्के कमी खर्चात मूल वाढवतोय मी. हिशोबनीस म्हणाला, कुलूप, एकदा कसं ते आम्हाला लिहून दे. आणि मी खरंच लिहायला घेतलं हो! आकडे कमी कसे झाले, ते मात्र एकदाही विचारलं नाही. कारखान्यात एखाद्या मशीनला ग्रीस कमी लागायला लागलं तर मी त्याच दिवशी फिटरला पाठवतो, बघून ये रे, काहीतरी बिघडलंय. घरात कमी लागायला लागलं तर पेढे वाटायला — म्हणजे, आनंद झाला मला.

ती कपडे धूत होती. माझे जुने मऊ शर्ट फाडून त्याचे तुकडे केले होते तिनं, दिवसभर तेच वापरायची आणि मी घरी यायच्या आत धुऊन गॅलरीत मागच्या दोरीवर वाळत घालायची. का? मी विचारलं ना काल. म्हणाली, प्रत्येक वेळी सही करायचा कंटाळा आला होता मला. एवढंच म्हणाली.

काल रविवार. मी कपाटापुढं बसून महिनाअखेरची मोजणी करतोय, मांडीवर वही, आणि न्हाणीघरातून धाडकन आवाज आला. बादली पडल्याचा. आणि मी — ताई, तुम्ही कोण, मी कोण, पण आता सांगतोच — मी जागेवरून ओरडलो, साबणाची पावडर सांडली का? असं ओरडलो मी. उत्तर आलं नाही म्हणून उठलो. ती खाली बसली होती, भिंतीला टेकून, पांढरीफटक, अंगावर सगळं पाणी, भोवती माझ्या शर्टांचे ओले तुकडे. चक्कर आली होती तिला. मी उचलायला गेलो तर म्हणाली, राहू दे, मोजणी पुरी कर तुझी. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. चिडून भांडली असती तर मी पण भांडलो असतो, आम्ही नेहमी भांडतो, चांगले भांडतो. पण ती अगदी शांत होती. केस पुसले, पोरीला घेतलं, तिच्या दादाला फोन लावला. तो आज चार वाजता गाडी घेऊन येतोय. आईकडे चाललीय. किती दिवस, विचारलं, तर म्हणाली, माहीत नाही. बॅग भरायचीसुद्धा नव्हती तिला, कपडे आधीपासून बॅगेतच होते ना.

किती वाजले तुमच्या घड्याळात? सव्वातीन. बरं.

म्हणून आज सुट्टी टाकून आलो. ही पाकिटं परत घ्या, आणि त्यातून ही औषधं द्या. ही चिठ्ठी — डॉक्टरांची हो, माझी नाही. लोहाच्या गोळ्या आहेत, कॅल्शियम आहे, आणि हे तिसरं काय ते मला वाचता येत नाही. तारीख? हो, बरोबर वाचलीत तुम्ही, पाच आठवड्यांपूर्वीची आहे. कारण घेतलीच नाहीत. फाइलमध्ये सापडली मला आज सकाळी, दवाखान्याच्या कागदांच्या तळाशी. मी ओरडलोच तिच्यावर, अगं, मागायचं नाही का? चिठ्ठी टाकायची ना! तर तिनं ते पुस्तक उचललं आणि माझ्यासमोर धरलं. वर छापलेलंच होतं, ‘बाळासाठी’. मीच छापून घेतलं होतं. म्हणाली, यात मी कुठे आहे? मग मी अंदाजपत्रक काढलं, म्हटलं, असणारच कुठेतरी. टोपडी आहेत, लशी आहेत, नखं कापायची छोटी कात्री आहे, खुळखुळासुद्धा आहे, दोन नग. ती नाही. चार पानांत तिच्यासाठी एक ओळ नाही. पोर जिच्या अंगावर पितं, तिला दूध लागेल, गोळी लागेल, हे मला सुचलंच नाही, एवढा मी हुशार.

काय? परत घेता येत नाहीत? मोठ्या मापात बदलून देता? हो, द्या ना, द्या. आणि औषधांचे वेगळे — हो, आहेत की पैसे. पैसे आहेत हो ताई. आकस्मिकचं पाकीट अख्खं खिशात आहे, त्यातली एक नोट हललेली नाही. पैशांचा प्रश्न नव्हताच कधी. तेच तर तिला सांगायचंय मला, पण ते तिला सांगितलं तर आणखी वाईट होईल, नाही का? पैसे नव्हते म्हणून दिलं नाही, हे तरी बाईला समजून घेता येतं.

औषधं द्यायच्या आधी काही विचारायचंय? विचारा ना, सगळं विचारा. पोरीचं? पोर दिवसातून अकरा वेळा पिते, चौदा तास झोपते, पहिली लस झाली, दुसरी बारा दिवसांनी. बायकोचं? हो, वय बत्तीस. चक्कर कधीपासून येते? काल. म्हणजे काल आली. त्याआधी... त्याआधी आली असेल तर — मी कामावर असतो ना. झोप किती लागते? कुणाची, तिची? थांबा हं. जेवण जातं का — मी येतो तेव्हा तिचं जेवण झालेलं असतं. म्हणजे ती म्हणते, झालंय. टाके दुखतात का अजून? ... रक्त जास्त जातंय का? ...

नाही हो. माहीत नाही मला. यातलं काहीच माहीत नाही.

लावतो फोन तिला. आत्ताच लावतो, थांबा. रिंग जातेय. ... हॅलो — मी. दुकानातून बोलतोय. दादा आला? बरं, नाही ना अजून. अगं ऐक ना, एक विचारायचं होतं — नाही, सामानाचं नाही. पैशांचंही नाही. ठेवू नको गं, ऐक. तू... तुला कसं वाटतंय? ... तुला, तुला. पोरीला नाही. ... नाही, असंच गं, कुणी सांगितलं नाही विचारायला — बरं, सांगितलं. इथल्या ताईंनी सांगितलं. पण मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय. चक्कर कधीपासून येते तुला? ... पहिल्या आठवड्यापासून? ... आणि झोप? ... अगं — ... हॅलो? आहेस ना? ... रड, रड, हरकत नाही. नाही, मला घाई नाही. कुठे जायचं नाही मला. दादा आला तर बसू दे त्याला. तू सांग. दवाखान्यातून घरी आलीस त्या दिवसापासून सांग. ... हो. ... हो, ऐकतोय.

— ताई, तुम्ही माझ्या मागे उभे आहेत त्यांचं बघून घ्या. मला वेळ लागेल.