धुरपदाबाईच्या अंगणातली मोरपंखी

सगळ्यात आधी आला तो सरकारी बंगल्यावरचा लीलाधर माळी, हे आधी लिहा, नावगाव मग. बरं, नियमच असेल तर घ्या: धुरपदाबाई, वय साठीच्या पुढे, धंदा घरकाम आणि नातवंडं, राहणार शनवारा, बऱ्हाणपूर. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. हवालदारांनी आपल्या मनाने उखर्डू महाजन लिहिलं आहे, ते बरोबर आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, गुरुवारी, एक नोव्हेंबरला, आपलं नवं राज्य होणार म्हणून सरकारी बंगला सजवताहेत. फाटकाशी सरूची दोन झाडं होती, त्यातलं एक कुंडीसकट चोरीला गेलं. लीलाधर माझ्या अंगणात डोकावला आणि म्हणाला, "आजी, हे आमचं सरू." मी म्हटलं, "तुमचं आहे ना, मग हाक मार. येतं का पाहू." तो गेला आणि ओव्हरसीअर दिगंबर साहेबांना घेऊन आला. हातात कुदळ. मी दोघांना चहा दिला, कुदळ दाराबाहेर ठेवायला लावली.

झाड मोरपंखीचं आहे. माझा भाऊ देवराम याने निंबोल्याहून तुपाच्या डब्यात आणलं, माझी नात मंगला शाळेत बसली त्या वर्षी. ती आता मला पेपर वाचून दाखवते. आमच्या घरात बाईमाणसाने पेपर वाचलेला मी पहिल्यांदा ऐकला. आळीतली पोरं मोरपंखीचं पान विद्या म्हणून पुस्तकात ठेवतात, झाडाची आमची ओळख तिथलीच. मोरपंखी पंख्यासारखी चपटी, पुस्तक मिटतं. सरूची काडी सुतळीसारखी गोल, पुस्तक फुगून राहतं. मी मंगलाचं पुस्तक आणून दाखवलं.

साहेबांनी पाहिलं. म्हणाले, "आजी, ते मलाही दिसतंय. पण गुरुवारी फाटक एका बाजूने बोडकं दिसेल. लांबून कोणाला कळतंय?"

मी म्हटलं, "मला कळतंय."

मग त्यांनी माझ्यावर चोरीचा अर्ज दिला आणि मला इथे ठाण्यावर बोलावणं आलं. माझं झाड सरकारला इतकं आवडलं याचा मला आनंद आहे, तोही लिहा. पण एवढं वाढलेलं झाड उपटलं की मरतं. मागायला आले असते तर फांद्या दिल्या असत्या. चोर म्हणून मुळासकट नेऊ देणार नाही.

हवालदारांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. अंगठा नको म्हटलं, मंगलाने शिकवलेली सही केली. साहेब बुधवारी झाड न्यायचा हुकूम घेऊन येतो म्हणाले आहेत.