तक्त्यात ळ नव्हता

(नागपूर, १९८७. नर्स भरतीच्या कार्यालयातली संगणक मशीनची खोली, मग स्टेशन. महादेवराव मशीन सांभाळतात, शोभाताई तिथल्याच कर्मचारी, पुष्पलता अर्जदार.)

महादेवराव : हेच ते पत्र. दिल्लीच्या संगणक केंद्राचं. फेब्रुवारीत आलं होतं. मी उत्तरच दिलं नाही.

पुष्पलता : पत्राचं मी काय करू, काका? यादीत आमच्या कळमेश्वरची एकबी पोरगी नाही! माह्ये पंच्याऐंशी मार्क हायेत. काहून काढलं आमाले?

महादेवराव : कोणी काढलं नाही. मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. आमचे आणि त्यांचे आकडे जुळावे लागतात, म्हणून त्यांनी आपला तक्ता पाठवला. त्यात ळ नव्हता.

पुष्पलता : मंग?

महादेवराव : ज्या अर्जात कुठेही ळ आला, तो अख्खा अर्ज त्यांच्या मशीननं टाकून दिला. काळे, धवळे, सगळं कळमेश्वर. एकशे चौदा जणी.

पुष्पलता : अन् तुमाले हे माहीत होतं?

महादेवराव : तक्ता पाहिला तेव्हाच दिसलं होतं. खाली लिहिलंय बघ, ‘अक्षर सुटत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. उत्तर न आल्यास तक्ता मान्य समजू.’

पुष्पलता : अन् तुमी गप्प बसले.

महादेवराव : तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. माझं इंग्रजी कच्चं. वाटलं, एवढी शिकलेली माणसं ळ कसा विसरतील? माझंच काही चुकत असेल. मग उत्तराऐवजी नमुन्याला दहा नावं पाठवली, तीही घरातलीच. वसंत, प्रेमिला, सत्यवती. सगळी नीट परत आली. मला तेवढंच हवं होतं.

शोभाताई : महादेवराव, साहेबांनी कारण ठरवलं. ‘अर्ज अपूर्ण.’ तुमी खाली सही करा, झालं.

पुष्पलता : अपूर्ण? अवं ताई, तीनदा तपासून देल्ला मी! पुढच्या साली वय निघून जाते माह्यं. बाबा म्हणते, झालं तुहं नर्सपण, आता पाहुण्यांसमोर बस.

शोभाताई : मले काय सांगतं वं? सोमवारी यादी पक्की होऊन राहिली.

महादेवराव : आज बुधवार. आजच्या डाकेनं पत्र गेलं तर शनिवारपर्यंत दिल्लीला पोचेल.

शोभाताई : काय पोचेल? तुमी चूक कबूल करून राहिले का? निवृत्तीले चार महिने उरले, अन् चौकशी लावून घेता मागं?

महादेवराव : पुष्पलता, तू मॅट्रिक आहेस ना? ही ओळ वाच. ‘द मिस्टेक इज माइन.’ बरोबर आहे?

पुष्पलता : बरोबर हाये.

महादेवराव : नक्की? की ‘वॉज’ हवं?

पुष्पलता : काका, फाडू नका आता. पाया पडतो तुमच्या.

शोभाताई : सरका तिकडं. मोठे आले इंग्रजीवाले! एकशे चौदा नावं जोडाची हायेत ना? मी रजिस्टर वाचतो, तुमी लिहा. अन् साहेब आले तर मी इथं नव्हती.

•

पुष्पलता : हे पाहा, आरएमएसची, रेल्वे डाकेची पेटी. पाचले डाक निघते. टाका.

महादेवराव : पत्ता एकदा वाचून...

पुष्पलता : रिक्षात चारदा वाचला.

महादेवराव : पडलं का गं?

पुष्पलता : पडलं. आवाज आला मले. आता हात काढा बाहेर, काका.