मूठभर कणीक

काय सांगू तुम्हाला, निजामाचं राज्य गेलं ती पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली माझा जन्म, असं माय सांगायची, तारीख कुणाला मालूम. आम्ही मेंढरंवाली माणसं, आज हितं तर उद्या तिथं, आन् खायाला सकाळ-संध्याकाळ जवारीची भाकर. गहू म्हंजी सणाची गोष्ट. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की ते धान्य द्यायचे, त्यात कधी गहू निघाला तर आम्ही पोरी मूठभर कच्चे गहू तोंडात टाकायचो, चघळून चघळून त्याचा डिंकासारखा गोळा व्हायचा, ताणला तरी तुटायचा नाय. ते ध्यानात ठेवा, पुढं लागतंय.

लग्न झालं, मालकाला शहरात वॉचमनचं काम मिळालं, मुकुंदवाडीत दोन खोल्या केल्या. मी गारखेड्याला घरोघरी पोळ्या लाटायला जायची. तीस वर्सं लाटल्या बघा, पातळ, मऊ, बायका म्हणायच्या मावशी तुमच्या हाताला गुण हाय. मला लई फुशारकी, मेंढरंवाल्याची लेक आन् घरात रोज गव्हाची पोळी. भाकर आमच्या घरातून गेलीच म्हणा ना. मालक जिवंत व्हते तवर म्हणायचे, एकदा भाकर कर गं, मी म्हणायची, आता काय मेंढरामागं जायचंय का तुम्हाला?

मग लेकाला पोरगी झाली, दीपा. सून सकाळच्या पाळीला कंपनीत, म्हणून पोरगी माझ्याच पदराखाली. दात आले तवापासून तिला दुधात पोळी कुस्करून दिली, मीच दिली. आन् पोरगी वाळतच चालली. पोट तेवढं पुढं, हातपाय काड्या, सारखी हगवण. सहा वर्सांची झाली तरी चौथ्या वर्साची दिसायची. जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली, दर्ग्यावर नेऊन फुंकून आणली. शेजारीण म्हणायची, मावशी, जगाला पोळ्या घालता आन् घरची पोरगी उपाशी ठेवता व्हय? हसून म्हणायची, पण लागायचं मला.

शेवटी क्रांती चौकाकडं एका डॉक्टरीणबाईला दाखवलं. रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं, मग त्या म्हणाल्या, हिला गहू चालत नाही, आयुष्यभर. मी म्हणलं, बाई, गहू न चालायला काय झालं, सारं जग खातंय. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही कणीक तिंबता, ती ताणली तरी तुटत नाही, तो चिकटा म्हणजे ग्लुटेन. तो हिच्या आतड्यात गेला की आतली मऊ लव झडून जाते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मला लहानपणचा तो गव्हाचा गोळाच आठवला. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, टोस्ट, सातू, सगळं बंद म्हणाल्या, डबीतल्या हिंगातबी कणीक असती म्हणाल्या. जवारी, बाजरी, तांदूळ, नाचणी खुशाल द्या.

म्हंजी पुन्हा भाकर. आन् इथंच चूक झाली माझी. तीस वर्सं पोळी लाटून हात भाकर विसरला व्हता. थापायला गेलं की कडा फाटायच्या, उचलली की हातातच मोडायची. शेजारणीनं बघितलं, म्हणली, मावशी, नकाशा काढता का भाकर करता? लाज वाटली हो, धनगराची लेक मी. मग गुपचूप जवारीच्या पिठात मूठभर कणीक घालायला लागले. भाकर कशी गोल, टम्म. मला वाटलं पोळी बंद केलीय, मुठीनं काय व्हतंय.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही फरक नाही, हिच्या पोटात गहू जातोय कुठून तरी. लेकानं तिथंच पोरीला धरलं, शाळेत कुणाच्या डब्यातलं खाती, खरं सांग. नाय पप्पा, आईची शपथ. त्यानं पाठीत धपाटा घातला. मी पिशवी धरून नुसती उभी. रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणली, आजी, तू तरी सांग ना, मी नाय खाल्लं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी सांगितलं मी सगळ्यांना. लेकानं पोरीला जवळ घेतलं. सून म्हणली, आत्याबाई, भाकर मोडत व्हती तर मला सांगायचं, मी पहाटं थापून ठेवली असती. एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्याच शेजारणीपुढं बसले, म्हणलं, शिकव बाई मला. पीठ ताजं पायजे, शिळ्याची विरी जाती, मग चिकटून राहत नाय. आधणाचं पाणी घालायचं, तळहातानं रगडायचं. महिनाभर मोडक्याच झाल्या, पोरीनं मोडक्या खाल्ल्या. गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ दगडाला राहतंय, म्हणून लेकानं घरघंटी आणली, तिच्यात गहू कधी पडला नाय. दीपाचा तवा निराळा, काठवट निराळी. मी कामावरून आले की लुगडं बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन मगच तिच्या पिठाला हात लावायची. वर्साच्या आत पोरीच्या गालावर मांस आलं.

आता ती कॉलेजात जाती, माझ्यापेक्षा वीतभर उंच हाय. माझे गुडघे गेले, काम कवाच सुटलं, पण तिच्या डब्याची भाकर अजून मीच करते. ताटावर बसली की रोज पहिला तुकडा मोडायच्या आधी विचारती, आजी, नुसती जवारीच ना? एवढ्या वर्सांनीबी विचारती. मी म्हणते, व्हय बाळा, नुसती जवारी. पहिल्यांदा वाटायचं, माफ नाय केलं पोरीनं. आता तसं नाय वाटत. मीच तिला सांगते, माय, उद्या सासरी जाशील, पंगतीला बसशील, कुणी मायेनं वाढंल, तवाबी असंच विचार, लाजू नको. वाढणारीनं राग धरला तर धरू दे, पण तुझ्या पोटाला सुख राहू दे.