आम्ही न पाहिलेला गोल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त पंचसाहेब. प्रमुख पाहुण्या, मी ज्या शाळेत खेळ शिकवते तिथल्या मुख्याध्यापिका बाई. आपल्या फुटबॉल क्लबचे मालक. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते क्लबचे प्रशिक्षक, आमचे मास्तर, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. सर्व आजी-माजी खेळाडू. आणि मागच्या रांगांमध्ये, आजही भिंतीला पाठ लावून उभे असलेले, मैदानाच्या उत्तर स्टँडमधले माझे सोबती. खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा ना! बसत नाहीत. सवय आहे, चालायचंच. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

समर्थक मंडळाच्या वतीने दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. काल घरी भाषणाची तयारी करत होते, तेव्हा आईने कणीक मळता मळता विचारलं, "ज्या माणसाला तुम्ही आठ वर्षं 'मास्तर, घरी जा' म्हणून ओरडलात, तो खरंच घरी निघाला तर त्याच्या निरोपाला कुठल्या तोंडाने जाणार तुम्ही?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, मला याचं उत्तर येत नाही. रात्रभर विचार करून आले असते तर कदाचित आलं असतं, पण मला झोप लागली. तेव्हा उत्तराशिवायच उभी आहे, सांभाळून घ्या.

मी इथे का, तेही सांगते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा सोफे दुरुस्त करतात, आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. घरात एक जण पदवीधर झाला की काय होतं हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. वीजबिलाची तक्रार तो लिहितो, आत्याच्या दाराला लावायची पाटी तो लिहितो. माझी पदवी शारीरिक शिक्षणाची आहे हे मी घसा कोरडा करून सांगितलं, पण काका म्हणाले, "शिकलीस ना? मग फलक लिही." काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. तेव्हापासून उत्तर स्टँडमध्ये मालकांच्या निषेधाचे जे जे फलक झळकले, ते माझ्या अक्षरात होते. मालक, अक्षर आवडलं असेल अशी आशा करते.

मालक हसले. नोंद घ्या, मालक हसले. फुकट असलं की ते मोकळेपणाने हसतात.

रागावू नका, मालक. आपल्या काटकसरीवर आम्ही इतकी वर्षं जगलो आहोत. दुसऱ्या क्लबांचे समर्थक गोल मोजतात, आम्ही दिवे मोजतो. मैदानावरच्या दिव्यांपैकी किती लागले आहेत यावरून काकांना कळतं की आज समोरचा संघ मोठा आहे की लहान. मागच्या हंगामात आमचा उंचापुरा नऊ नंबर विकला गेला आणि त्याचा शर्ट नव्या नऊ नंबरला मिळाला. तो बिचारा खेळायला आला तेव्हा बाबा म्हणाले, "शर्ट आला, माणूस कुठे आहे?" आणि आजही, मघाशी प्रमुख पाहुण्यांना दिलेला पुष्पगुच्छ आणि नंतर मास्तरांना दिलेला पुष्पगुच्छ, या दोघांमध्ये मला विलक्षण साम्य वाटलं. अध्यक्ष महोदय, तुमचा गुच्छ तुमच्याजवळ आहे ना? नाही? मग बरोबर.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की वरून एकच शब्द येतो: पुनर्बांधणी. मी शाळेत होते तेव्हा पुनर्बांधणी सुरू होती. मी कॉलेजात गेले, पुनर्बांधणी सुरू होती. पदवी घेऊन नोकरीला लागले, तरी पाया खणणं चाललेलंच. पण न्यायाने बोलायचं तर हेही सांगायला हवं, आणि हे मला मास्तरांनीच सांगितलं आहे, की या क्लबमध्ये कुणाचा पगार कधी थकला नाही. मोठमोठे संघ बुडाले, आपण शेवटून दुसरे का होईना, आहोत. मालक, हे मी मनापासून म्हणते. पण शेवटून दुसरं राहण्यासाठी माणूस रविवारची दुपार देत नाही हो!

आता मास्तरांविषयी. मुख्य संघाबरोबरच मास्तरांनी एक मुलांचा संघ उभा केला. बाईंच्या शाळेतली, आसपासच्या गल्ल्यांमधली चौदा-पंधरा वर्षांची मुलं. गेली दोन वर्षं रविवारी सकाळी मी मास्तरांच्या हाताखाली या मुलांचा सराव घेते आणि दुपारी स्टँडमध्ये जाऊन त्यांच्याच नावाने ओरडणाऱ्यांच्या शेजारी उभी राहते. मास्तरांना हे माहीत होतं. एकदा म्हणाले, "दुपारी घसा लागतो तुला. सकाळी जरा कमी ओरड मुलांवर."

या मुलांपैकी जो तयार होतो तो मुख्य संघात येतो, आणि जो मुख्य संघात चमकतो तो विकला जातो. असं झालं की आम्ही एक गोष्ट करतो. पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आम्ही याला 'पाठीचं मिनिट' म्हणतो. खेळाडू विकल्यावर जो पहिला सामना येईल, त्याचा उत्तरार्ध सुरू झाला की सबंध उत्तर स्टँड मैदानाकडे पाठ करून एक मिनिट गप्प उभा राहतो. समोर मागची भिंत. भिंतीवर पाण्याचा एक पाइप आणि ओलीचा एक मोठा डाग आहे. काकांच्या मते तो हुबेहूब आमच्या गोलकीपरसारखा दिसतो: छान पसरलेला, पण चेंडूपासून लांब.

मागच्या हंगामात नऊ नंबर गेला. पुढच्या सामन्याला समोर पहिल्या क्रमांकाचा संघ. पूर्वार्ध कसाबसा निभावला, शून्य-शून्य. उत्तरार्धाची शिट्टी झाली आणि आम्ही वळलो. इतकी शिस्त, इतकी शांतता! मला अभिमान वाटत होता. काका पाइपाकडे बघत होते, बाबा डागाकडे. आणि मागून आवाज आला. आधी बुटांचा, मग कुणीतरी "सोड, सोड" ओरडल्याचा, मग जाळ्याचा.

जाळ्याचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? आम्ही तो नेहमी पुढून ऐकतो आणि तो बहुतेक आमच्याच जाळ्याचा असतो. बाबा भिंतीकडेच बघत पुटपुटले, "गेला. बसला एक आपल्यावर." कुणी वळेना. मिनिट पुरं व्हायचं होतं. नियम म्हणजे नियम. आम्ही वळलो तेव्हा आपली अकराची अकरा मुलं एकमेकांवर पडलेली होती आणि त्या ढिगाऱ्याखाली कुठेतरी आमचा अकरा नंबर होता. मास्तरांच्या मुलांच्या संघातून आलेला, मुख्य संघात पहिलाच गोल मारलेला.

सबंध हंगामातला घरच्या मैदानावरचा आमचा एकमेव विजय. आणि उत्तर स्टँडमधल्या एकाही माणसाने तो गोल पाहिला नाही. बरं, नंतर चित्रफीत पाहावी तर चित्रण करणारा माणूस आधीच पुनर्बांधणीत गेलेला!

सामना संपला. जिंकलेल्या संघाचे समर्थक इतक्या पडलेल्या चेहऱ्याने कधी उभे राहिले नसतील. बाबा कठड्याला धरून म्हणत होते, "इतकी वर्षं बघतोय. एक मिनिट वळलो." तेवढ्यात मैदानातून मास्तर चालत आले. आम्हाला वाटलं, आता टोमणा बसणार. बसायलाच हवा होता. मास्तर कठडा ओलांडून आत आले, इकडे-तिकडे बघितलं आणि माझ्या काकांना म्हणाले, "तुम्ही इथे उभे राहा. तुम्ही त्यांचे बचावपटू."

"मास्तर, गुडघे बघा माझे."

"त्याचेही तसेच होते, म्हणून तर गोल झाला."

मग बाबांना म्हणाले, "तुम्ही गोलकीपर. त्या दोन खांबांच्या मध्ये. आणि तू," म्हणजे मी, "तू अकरा नंबर." चेंडू नव्हता. माझ्या हातात कागदाचा फलक होता, 'मालक, संघ विका' असा. मास्तरांनी तो घेतला, शांतपणे चुरगाळून त्याचा गोळा केला आणि माझ्या पायाशी ठेवला. मालक, तो फलक तिथेच संपला, काळजी नसावी.

"डावीकडून आत ये," मास्तर सांगू लागले. "हळू. तो घाईत नव्हता. आता उजव्या पायाने मारणार असं दाखव. दाखवतेस की सांगतेस? दाखव! काका, तुम्ही फसा."

"फसतो म्हणजे काय करू?"

"नेहमी मालकांच्या भाषणाला फसता तसे."

काका फसले. मी गोळा डाव्या पायावर घेतला. "बाबा, तुम्ही उजवीकडे झेप घ्या," मास्तर म्हणाले आणि आमच्या बाबांनी, उभ्या आयुष्यात पलंगावरूनही ज्यांनी उडी मारली नाही त्यांनी, सिमेंटवर खरोखर झेप घेतली. गोळा डावीकडून खांबांच्या मध्ये गेला. आणि सबंध उत्तर स्टँड असा ओरडला, असा ओरडला, की मैदानातून बाहेर पडलेली पाहुणी मंडळी काय झालं म्हणून परत आली.

बाबांच्या शर्टाची बाही फाटली, कोपर सोलवटलं. घरी आई म्हणाली, "जिंकलात असं ऐकलं. मग मारामारी कुणाशी केलीत?" बाबा म्हणाले, "मी गोल खाल्ला." इतक्या आनंदाने हे वाक्य जगात कुणी उच्चारलं नसेल.

मित्रहो, आमच्या अपमानाचा सूड घ्यायची संधी मास्तरांना आयती मिळाली होती. ते आम्हाला आमचा गोल परत द्यायला आले. माणूस मोठा कशाने होतो याविषयी कॉलेजात बरंच शिकवतात. मी ते परीक्षेपुरतं लिहिलं. समजलं त्या दिवशी.

तो अकरा नंबर पुढे विकला गेला, हे सांगायला नकोच. पण तो आला कुठून? मुलांच्या संघातून. आणि हाच मुलांचा संघ मास्तर गेल्यानंतर बंद करायचा, असं मालकांनी मागच्या आठवड्यात जाहीर केलं. नवा प्रशिक्षक नेमायचा नाही, लीगमध्ये नोंदणी करायची नाही. मालकांनीच मास्तरांना विचारलं, निरोपाला काय देऊ? मास्तर म्हणाले, "घड्याळ नको, शाल नको. पोरांचा संघ चालू ठेवा." मालक म्हणाले, "बघू."

मालक, आपल्या 'बघू'वर आम्ही खूप वर्षं काढली आहेत.

या रविवारी बाबांच्या दुकानात मंडळाची बैठक झाली. अर्धे सोफ्यावर, अर्धे सोफ्याच्या सांगाड्यावर. बरेच जण म्हणाले, बहिष्कार घाला, पुढचा हंगाम स्टँड रिकामा ठेवा. मी म्हटलं, त्याने मुलांना काय मिळेल? आपणच चालवू या हा संघ. काका उसळले, "आपण बघे आहोत, मालक नाही. उद्या पोरं हरली की लोक आपल्याला ओरडतील!" बाबा तोंडातली टाचणी काढून म्हणाले, "मग काय, सगळे मिळून भिंतीकडे बघत बसू या?" शेवटी काकांनी मंडळाच्या वतीने संमतीची सही केली. करताना मला म्हणाले, "फसलीस तर स्टँडमधून पहिली हाक माझी असेल." मी म्हटलं, काका, तुम्ही नाही ओरडणार तर कोण ओरडणार?

मालक, ही बातमी आपल्याला इथे सर्वांदेखत कळते आहे, यात आपला अनादर करण्याचा हेतू नाही. आमच्याकडेही पैसा फारसा नाही. आम्हीही शर्ट वापरून वापरून विटवू, आम्हीही सगळे दिवे लावणार नाही. आपल्या काटकसरीवर आम्ही लिहिलेले जुने फलक आमच्याविरुद्ध वापरायचे झाले तर जरूर मागून घ्या. फक्त एक शब्द आम्ही वापरणार नाही, तो कोणता हे आपण जाणता.

मास्तर, काकू, तुम्ही लेकीकडे राहायला निघाला आहात. तुमची दुपार आता तुमची. नातवंडं ओरडली तर ती प्रेमाने ओरडताहेत असं समजा. आमच्या बाबतीतही तसंच समजायला आजपासून हरकत नाही.

मला इथे बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. शाळेचं मैदान सकाळच्या वेळी वापरायला देणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंचे आभार. पंचसाहेब, माझी वेळ संपल्याची खूण तुम्ही दोनदा केली, मी ती पाहिली नाही असं दाखवलं, त्याबद्दल क्षमा असावी. लहान तोंडी कुणाविषयी कमी-जास्त बोलले असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच मुलगी समजून पोटात घाला.

शेवटी मास्तरांना एवढंच सांगायचं आहे. काल दुपारी, मुदत संपायच्या आत, मी लीगच्या कार्यालयात जाऊन मुलांचा संघ उत्तर स्टँड समर्थक मंडळाच्या नावाने नोंदवून आले. कारकुनाने विचारलं, "प्रशिक्षक कोण?" मी माझं नाव सांगितलं. आज सकाळी आमचा पहिला सराव झाला. सगळी मुलं आली होती.