बादलीतला बाँब

बाँब कसा विझवतात, माहितीय का कुणाला? आमच्या सानपाड्याच्या शाळेनं विझवून दाखवलाय, म्हणून विचारतो.

मुंबईत स्फोट झाले त्याच वर्षीची गोष्ट. मी नववीत दुसऱ्यांदा बसलेला, म्हणजे अनुभवी विद्यार्थी. वर्गातल्या उस्मान आणि नितीननं मिळून साबणाच्या डबीत सेल, वायरी आणि बझर बसवला होता. डबी सापडली उस्मानच्या दप्तरात. हेडसरांनी "याला शाळेतून काढतो" म्हणत थेट पोलिसांना फोन लावला. उस्मान रडकुंडीला आला.

नितीन म्हणाला, "सर, आमी दोघांनी बनवलंय."

"तू मध्ये पडू नको. चांगल्या घरचा मुलगा तू!"

"पण सर, ते करतं काय, एवढं तरी विचारा त्याला," मी म्हटलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते पोलीस विचारतील. आधी पाण्यात टाका!"

शिपाईमामांनी डबी बादलीत सोडली, तशी ती जी किंचाळायला लागली! मामा मैदानात, सर टेबलाखाली.

उस्मान हुंदके देत म्हणाला, "सर, टाकी भरली की ते असंच ओरडतं."

तेवढ्यात दारात हवालदार. सर बाहेर आले, धूळ झटकली आणि उस्मानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या, या! आमच्या शाळेचा विज्ञान प्रकल्प बघा."

मी विचारलं, "सर, म्हणजे साहेबांना उद्घाटनाला बोलावलं होतं?"