कमानीतली पट्टी

नाही भास्करकाका, गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीतली पट्टी मी काढणार नाही — राग मानू नका, गाडी तुमची आहे, पण बाकी सगळं करतो — कमानीचे रबरी बुश बदलतो, कमानी उघडून पट्ट्यांना ग्रीस लावतो, मागच्या टायरांची हवा थोडी कमी ठेवतो, प्रतिमाकाकूंच्या सीटमध्ये नवा फोम घालतो. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलपासून विकास नगरला तुमच्या घरापर्यंत रस्ता कसा आहे ते मला माहीत आहे. हाँ, पट्टी काढली की गाडी मऊ चालते, तुम्हांला हे सांगणारा तो भैया खोटं नाही बोलला — मी काढली होती ना एकदा. बाबांच्या जीपच्या.

आईच्या मणक्याचं दुखणं तेव्हा नवंच होतं, डॉक्टरकडे न्यायची होती. जीप रिकामी असली की उडते, म्हणून बाबा मागे वाळूची पोती टाकायचे — फौजेतली सवय. मला माहीत नव्हतं — म्हणजे माहीत होतं, पण त्या दिवशी टाकतील असं वाटलं नाही. मी आदल्या दिवशी दोन्ही बाजूंची एकेक पट्टी काढली, बोललो नाही. त्यांनी सकाळी तीन पोती टाकली, तेही बोलले नाहीत. आमच्याकडे तसंच आहे — आईसाठी काही करायचं तर दोघं आपापलं करतो, एकमेकांना सांगत नाही. जाताना आलमबागला खड्डा आला, तेवढा भार घ्यायला कमानीत काही उरलंच नव्हतं, गाडी खाली आपटली, लोखंडावर लोखंड. आई ओरडली नाही. म्हणाली, "मला पाय कळत नाहीयेत."

तेव्हापासून पडूनच आहे — तुम्ही बघताच. बाबा रोज तिला उचलून बसवतात आणि रोज म्हणतात, "पोती मी टाकली." मी ताट घेऊन दारात उभा असतो. ताट ठेवतो, इकडे गॅरेजात येतो.

पट्ट्यांचं? नाही, त्यांना ठाऊक नाही. जीप संध्याकाळी परत आली तेव्हा मीच पुन्हा बसवल्या. चार वर्षं झाली.

असं बघू नका काका. मी तुम्हांला फक्त गाडीचं सांगत होतो — पट्टी का काढत नाही, एवढंच. नाही, नाही, तुम्ही नका सांगू बाबांना. मी सांगेन. — आज? आज कसं, आज तुमची गाडी आहे ना. जा तुम्ही. चारला गाडी न्यायला या.