पितळेचा कीस

बाबांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेव्हा मी इथे ऑकलंडला पिस्तूल क्लबात जायचो आणि वापरलेल्या काडतुसांत नवी दारू आणि गोळी घरी गॅरेजमध्ये स्वतः भरायचो. एकदा भरलेली दोनशे काडतुसं बॅरलमध्ये नीट बसेचनात. लांबी तर मी प्रत्येकाची मोजली होती!

बाबा पिंपरीच्या कारखान्यातले रिटायर्ड इन्स्पेक्टर. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते आणि पार कंटाळले होते. त्यांनी माझा लांबी मोजायचा डिजिटल व्हर्नियर डोळ्यांजवळ धरला.

"अरे, जबड्यात पितळेचा कीस अडकलाय. त्याच्यासकट झीरो केलंस तू!"

म्हणजे माप कमी दिसत होतं आणि प्रत्येक काडतूस प्रत्यक्षात तेवढं लांब झालं होतं.

"थोडाच फरक आहे, बाबा."

"थोडा म्हणजे किती? पिस्तूल तुझ्या हातात असणार आहे."

मग तीन दिवस दुपारी मी प्रेसवर एकेका काडतुसाची गोळी आणखी आत दाबत होतो आणि बाबा मोजत होते. मोजता मोजता त्यांनी पहिल्या नोकरीचं सांगितलं, आईला बघायला गेले तेव्हाचं सांगितलं. एवढं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

शेवटचं मोजून झाल्यावर म्हणाले, "अजून आहेत का रे?"

नव्हती. आता बाबाही नाहीत. पण वाटतं, आणखी थोडी चुकायला हवी होती.